आधी वायर बघा, मग खोडरबर काढा

संगणक सुरू झाला नाही की माणसं थेट त्याच्या पोटातल्या रोगावर जातात. 'मदरबोर्ड उडाला असणार' हे निदान मी निंबर्ग्यात आणि आळंदला इतक्या वेळा ऐकलंय, की आता नुसती मान हलवतो आणि खाली वाकून प्लग बघतो. बऱ्याचदा तोच ढिला असतो. नाहीतर मॉनिटरची वायर नीट बसलेली नसते, किंवा घरातल्या पोरानं ब्राइटनेसची चकती पार खाली फिरवलेली असते. दुरुस्तीचा जुना क्रम एवढाच: बाहेरून आत यायचं आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि यंत्र चाललं, तर बिघडलं काय होतं ते कधीच कळत नाही.

वाङ्मय मंडळाच्या अंकात हे कशाला, असं कुणी विचारेल. कारण आहे. ३८६, ४८६ आणि पहिल्या पेंटियमच्या दिवसांत आमच्या सीमाभागात जे मराठी टाइप झालं, लग्नपत्रिका, भजनी मंडळांच्या वह्या, शाळांचे वार्षिकांक, त्यातलं पुष्कळसं अजून त्या यंत्रांत आणि फ्लॉप्यांत पडून आहे. ते बाहेर काढायचं तर आधी यंत्र उठवावं लागतं. म्हणून आधी यंत्राचं सांगतो, मग अक्षरांचं.

आमच्याकडं यंत्राला दोन वैरी, करंट आणि धूळ. शेतातल्या मोटारी सुरू झाल्या की व्होल्टेज बसायचं, बंद झाल्या की उसळायचं. स्टॅबिलायझर नसलेलं यंत्र त्या काळी फार दिवस टिकत नसे. पण त्याहून मोठी गोष्ट अर्थिंगची. कॅबिनेटला हात लागला की झिणझिण्या येतात, ही तक्रार घरोघर असायची आणि आत शॉर्ट आहे असं सगळे धरून चालायचे. तसं नसतं. पॉवर सप्लायच्या डब्यात फिल्टरचे छोटे कपॅसिटर असतात, एक फेजकडून आणि एक न्यूट्रलकडून कॅबिनेटला जोडलेला. अर्थिंग असेल तर त्यांतून येणारा बारीक प्रवाह जमिनीत जातो. नसेल तर कॅबिनेटवर मेनच्या निम्मा, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपासचा दाब उभा राहतो. प्रवाह अगदी कमी, म्हणून माणसाला नुसती चुणूक लागते. पण अशा चालू यंत्रात प्रिंटरची केबल खुपसली की तोच दाब पोर्टातून वाट काढतो आणि पोर्ट जळतं. म्हणून दोन्ही यंत्रं बंद करूनच केबल जोडायची. अर्थिंगच्या खड्ड्यात कोळसा आणि मीठ घालतात हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण उन्हाळ्यात त्यात बादलीभर पाणी ओतावं लागतं हे विसरतात. आमच्याकडचा मे महिना कसा असतो ते वेगळं सांगायला नको. कोरड्या मातीतून अर्थिंग मिळत नाही.

पॉवर सप्लायच्या पाठीला ११५ आणि २३० लिहिलेलं एक छोटं लाल बटण असायचं. ते २३० वर आहे ना, हे नवीन जागी यंत्र लावताना आधी बघायचं. ११५ वर असेल तर चालू करताच एक आवाज येतो आणि मग काही बघायचं उरत नाही.

धुळीचं म्हणाल तर तुरीच्या राशी सुरू झाल्या की भुसकट हवेत असतं आणि पॉवर सप्लायचा पंखा ते ओढून घेतो. पंखा जड झाला की डबा तापतो, आणि यंत्र अर्ध्या तासानं आपोआप बंद पडायला लागतं. 'सकाळी चालतो, दुपारी बंद पडतो' अशी तक्रार आली की मी व्हायरस शोधत नाही, रंगाचा कोरडा ब्रश शोधतो.

आता पोटात शिरू. चालू करताच यंत्र स्वतःची तपासणी करतं आणि निकाल शिट्टीनं सांगतं. एक छोटी शिट्टी म्हणजे सगळं ठीक. पुष्कळ यंत्रांत एक लांब आणि दोन छोट्या म्हणजे डिस्प्ले कार्ड बसलेलं नाही, आणि लांब शिट्ट्या थांबून थांबून येतच राहिल्या तर मेमरी. बायोस कुठल्या कंपनीचं त्यावर हे संकेत बदलतात, पण मेमरीची पट्टी काढून पुन्हा बसवणं हा उपाय सगळीकडं चालतो. पट्टीच्या कडेला संपर्काचे दाते असतात, त्यांवर हवेनं आणि दमटपणानं पुट चढतं. इथं खोडरबर. पेन्सिलीचा मऊ पांढरा घ्यायचा, शाई खोडायचा खरखरीत नको, तो मुलामाच काढतो. पट्टी बाहेर काढून, टेबलापासून लांब, हलक्या हातानं पुसायची, म्हणजे रबराचा भुगा खाचेत पडत नाही. अशा एका रुपयाच्या रबरानं उठलेली यंत्रं मी मोजलेली नाहीत.

तारीख दर वेळी १ जानेवारी १९८० दिसत असेल तर बोर्डावरची बॅटरी गेली. डॉसचं कॅलेंडर त्या दिवसापासून सुरू होतं. नंतरच्या बोर्डांवर ती नाण्यासारखी, तीन व्होल्टची, सहज बदलता येते. जुन्या बोर्डांवर मात्र डाग दिलेली पिंपासारखी बॅटरी असते. ती फुटून झिरपते आणि आजूबाजूचे तांब्याचे माग खाऊन टाकते. कुणाच्या माळ्यावर ३८६ पडला असेल तर बाकी काही करू नका, ती बॅटरी तेवढी आज काढून टाका.

त्या जुन्या यंत्रांत बॅटरी गेली की तारखेबरोबर हार्डडिस्कची ओळखही जायची. सिलिंडर, हेड आणि सेक्टर हे तीन आकडे हातानं पुन्हा भरावे लागत, आणि ते कुणाच्या लक्षात असणार? महिन्यातून एकदा येणाऱ्या एका मेकॅनिकनं मला युक्ती दिली: आकडे चिठ्ठीवर लिहून कॅबिनेटच्या झाकणाला आतून चिकटवायचे. त्यांचं नाव गावात कुणाला माहीत नव्हतं, सगळे त्यांना 'सोलापूरवाले' म्हणायचे. अशा गोष्टी तेव्हा पुस्तकांतून मिळत नव्हत्या. पुस्तकं इंग्रजी आणि महाग. एकाचं बघून दुसऱ्यानं करायचं, वहीत लिहायचं, एसटीत भेटलेल्याला सांगायचं. आमच्याकडं निदान कानडीत व्हायचं, शिव्या दखनीत आणि हिशेब मराठीत. 'करंट होग्याद' हे मात्र सगळ्या भाषांत एकच होतं.

'नॉन-सिस्टिम डिस्क' असा संदेश पडद्यावर आला की लोकांचे चेहरे उतरायचे. त्याचा अर्थ बहुतेक वेळा एवढाच, की काल कुणीतरी फ्लॉपी ड्राइव्हमध्ये विसरलाय. ती काढायची, कुठलंही बटण दाबायचं. पण त्या विसरलेल्या फ्लॉपीतूनच व्हायरस शिरायचा, कारण यंत्र सुरू होताना फ्लॉपीचा पहिला सेक्टर वाचतं आणि त्यात लिहिलेलं निमूट चालवतं. १९९० साली भारतात सापडलेला एक व्हायरस असाच पसरला, आणि त्याचं नाव होतं जोशी! ५ जानेवारीला तो यंत्र अडवून धरायचा आणि 'हॅपी बर्थडे जोशी' टाइप करा म्हणायचा. केलं की वाट सोडायचा. हे जोशी कोण ते कुणी सांगत नाही. उपाय मात्र ठरलेला: वीज पूर्ण बंद करायची, लिहिण्याला बंदी केलेल्या स्वच्छ फ्लॉपीवरून यंत्र सुरू करायचं, आणि मगच साफसफाईला हात घालायचा. नुसतं कंट्रोल-आल्ट-डिलीट दाबून भागत नाही, व्हायरस मेमरीतच बसून राहू शकतो.

पुण्याच्या कैलास काटकरांची गोष्ट इथं सांगितली पाहिजे. दहावीनंतर ते कॅल्क्युलेटर दुरुस्त करायला शिकले, पुढं स्वतःचं दुरुस्तीचं दुकान काढलं आणि संगणकांकडं वळले. यंत्रं व्हायरस घेऊन यायला लागली, तेव्हा संगणकशास्त्र शिकणाऱ्या धाकट्या भावानं, संजयनं, त्यावर औषधाचा प्रोग्रॅम लिहिला. नव्वदीच्या दशकात त्यातूनच 'क्विक हील' उभं राहिलं. मला यातलं कंपनीचं यश तितकं महत्त्वाचं वाटत नाही. दुरुस्तीच्या टेबलावर तीच तक्रार पुन्हा पुन्हा येते, आणि कुणीतरी ती नीट ऐकतो, हे जास्त मोलाचं वाटतं.

आता अक्षरांचं. इथं बिघाड यंत्राचा नसतो, म्हणून खोडरबरही चालत नाही.

पुण्यात १९८८ साली सी-डॅक स्थापन झालं. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेलं 'जिस्ट'चं काम तिथं पुढं वाढलं. जिस्ट कार्ड संगणकाच्या खाचेत बसवलं की डॉसवर देवनागरी उमटायची. त्यामागची 'इस्की' ही संकेतपद्धत १९९१ मध्ये भारतीय मानक झाली. तिच्यात एक गोष्ट फार सुंदर होती. 'क' हा उच्चाराचा 'क' मानलेला, लिपी कुठलीही असो. त्यामुळं एकदा टाइप केलेलं नाव देवनागरीत दाखवा की कानडीत, आतला संकेत तोच. इनस्क्रिप्ट कीबोर्डही तसाच: मराठीचा 'क' ज्या बटणावर, कानडीचा 'क' त्याच बटणावर. कानडीत ऱ्हस्व 'ए' आणि 'ओ' वेगळे आहेत, मराठीत नाहीत, एवढी खोच सोडली तर आमच्यासारख्या दुभाषी गावांसाठीच ही व्यवस्था बनवली होती असं म्हणता येईल.

पण डीटीपीच्या दुकानांत चाललं वेगळंच. विंडोज आलं आणि बहुतेकांनी फॉन्टची वाट धरली. श्रीलिपी, आकृती, कृतिदेव, प्रत्येकाची मांडणी निराळी. फॉन्टात २५६ घरं, तीही रोमन अक्षरांसाठी ठरलेली. त्या घरांत देवनागरीचे तुकडे बसवले. कृतिदेवमध्ये 'भारत' टाइप करा, फाइलमध्ये प्रत्यक्षात जातं एच, के, के, जे, आर. एच म्हणजे अर्धा भ, के म्हणजे काना, एक भ पुरा करायला आणि एक पुढचा. फॉन्ट असेल तर 'भारत' दिसतं, नसेल तर ती पाच रोमन अक्षरं. शिशाचे खिळे जुळवणाऱ्याला यात नवल वाटलं नसतं. पण खिळे कागदावर छापून मोकळे व्हायचे, इथं मजकूरच त्या खिळ्यांच्या रूपात साठवला गेला.

म्हणून जुनी फाइल उघडली आणि कचरा दिसला तर घाबरू नका, आणि मुख्य म्हणजे फॉन्ट बदलून सेव्ह करू नका. मजकूर निवडून फॉन्टच्या चौकटीत नाव काय दिसतं ते कागदावर लिहून घ्या. ते नाव हीच एकमेव चावी. तो फॉन्ट मिळवून बसवा, मजकूर वाचता आला की आधी त्याची छापील प्रत काढून ठेवा, आणि मग रूपांतरकाच्या मदतीनं युनिकोडमध्ये आणा. मूळ फाइलला हात लावायचा नाही.

रूपांतर झालं की काम संपलं असं लोक समजतात. खरं तर तिथून वाचन सुरू होतं. जुन्या फॉन्टात ऱ्हस्व वेलांटी डोळ्याला दिसते तशी अक्षराच्या आधी साठवलेली असते, युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर येते. रफार उलटा: फॉन्टात 'कर्म'चा रफार 'म'च्या नंतर, युनिकोडमध्ये 'र्' आधी. जोडाक्षरावर वेलांटी किंवा रफार आला की रूपांतरक अडखळतो, म्हणून ते शब्द आधी तपासायचे. आणि मराठीची स्वतःची अडचण 'ऱ्य'ची. हिंदीसाठी बनवलेल्या रूपांतरकांना तो ठाऊक नसतो. मग डोंगरातल्या दऱ्यांचा दर्या होतो, आणि 'आचाऱ्यांना जेवणाचे पैसे दिले' या साध्या नोंदीत आचार्य येऊन बसतात.

हे सगळं मी गेल्या वर्षापासून एका कामासाठी करतोय. गावातल्या एका निवृत्त गुरुजींनी आपल्या आईच्या तोंडच्या जात्यावरच्या ओव्या वहीत उतरवल्या होत्या, आणि नव्वदीच्या शेवटी तालुक्याला जाऊन टाइप करून घेतल्या. मराठी ओव्या, मधे मधे कानडी शब्द, काही ठिकाणी अख्खी ओळच कानडी पण लिपी देवनागरी. वही वाळवीनं खाल्ली. आई गेल्या. राहिल्या तीन फ्लॉप्या.

साडेतीन इंची फ्लॉपीच्या कोपऱ्यातली खिडकी उघडी केली की तिच्यावर लिहिलं जात नाही. सव्वापाच इंचीचं उलटं, तिची खाच चिकटपट्टीनं झाकावी लागते. हे आधी करायचं, मगच फ्लॉपी आत. सरकपट्टी ओढून आत पांढरे ठिपके दिसले तर ती बुरशी. तशी फ्लॉपी घातली तर ड्राइव्हचं हेड घाण होतं आणि पुढची चांगली फ्लॉपीही ओरखडते. आमच्या दोन फ्लॉप्या यूएसबीच्या ड्राइव्हवर वाचल्या गेल्या. तिसरी स्वच्छ आहे, बुरशी नाही, तरी तीन ड्राइव्हनी नाकारली. असं होतं तेव्हा पुष्कळदा दोष फ्लॉपीचा नसतो. जिनं ती लिहिली त्या ड्राइव्हचं हेडच किंचित सरकलेलं असतं, त्यामुळं मजकूर आपल्या वर्तुळापासून थोडा बाजूला लिहिला जातो. तो त्याच ड्राइव्हला नीट वाचता येतो, दुसऱ्यांना नाही.

म्हणजे आता तो ड्राइव्ह शोधायचा. टाइप करणाऱ्यानं दुकान कधीच बंद केलंय, पण यंत्र अक्कलकोटच्या एका छापखान्याला विकल्याचं त्याला आठवतं. छापखान्यात फोन केला, तर म्हणाले, माळ्यावर दोन-तीन डबे आहेत, येऊन बघा. 'तिसरीतच माहेरच्या ओव्या हायत,' गुरुजी म्हणतात, 'मी बी येतो.' पावसाळ्याआधी जायचं ठरलंय.