आठ ग्रॅमचा दिवा

सकाळी ६.१०
हिंदमाताच्या कापड दुकानांची शटर्स अजून खाली आहेत. मागच्या चाळीत नळाला पाणी आलंय. मामांनी दोन पिंपं भरून घेतली. खोली दहा बाय बारा, तळमजल्याची. जमिनीवर कामाची एकही वस्तू नाही. हा भाग सखल. पावसानं जोर धरला की पाणी उंबऱ्याच्या आत येतं. म्हणून बाल्साच्या पट्ट्या, फिल्मचे रोल, मोटारी, सगळं पोटमाळ्यावर. लोक विमानाचं किट हौसेनं विकत घेतात आणि मग वेळ मिळत नाही. त्यांची रिमोटवर उडणारी विमानं मामा बांधून देतात. सध्याचं विमान परळच्या एका डॉक्टरांचं.

७.३०
भाचा आला. त्याची रोजी सहाशे, चहा-नाश्ता वेगळा. टेबल म्हणजे जुना दरवाजा, वर जाड काच. पंख सपाटीवरच बांधायचा. पीळ राहिला तर विमान जन्मभर एकीकडे वळतं. शेवटच्या तीन रिब, म्हणजे पंखाच्या फासळ्या, चिकटवायच्या राहिल्यात. भाचा थेंब सोडतो, मामा बोटानं दाबून दहा आकडे मोजतात. "जास्त नको रे, गोंदालाही वजन असतं."

९.१५
काटा बाहेर आला. सोनाराकडे असतो तसला, छोटा. वहीत दोन रकाने : रुपये आणि ग्रॅम. पंख, सांगाडा, मोटार, बॅटरी, चार सर्व्हो (पंख-शेपटीचे भाग हलवणाऱ्या छोट्या मोटारी) आणि आज चढणारी फिल्म धरून ९८० ग्रॅम. पंख १.२ मीटर लांब, २० सेंटीमीटर रुंद. म्हणजे २४ चौरस डेसिमीटर, दर चौरस डेसिमीटरला ४१ ग्रॅम. शिकाऊ हातासाठी चाळीसच्या आसपास बरं.

आता डॉक्टरांची यादी. रात्री व्हॉट्सअॅपवर आलेली. फ्लॅप (उतरताना वेग कमी करणाऱ्या पंखाच्या झडपा), दिवे, चाकांवरची झाकणं, कॅमेरा. मामा एकेक वस्तू काट्यावर ठेवतात. फ्लॅपचे दोन सर्व्हो, वायरी, बिजागऱ्या : ३२. झाकणं : ३४. दिवे : २८. कॅमेरा : ४५. बेरीज १३९. एक्केचाळीसाचे झाले जवळजवळ सत्तेचाळीस.
"उडेल का?" मी विचारतो.
"उडेल की. पण उतरताना वेगात येईल. आणि डॉक्टरांचा हात नवा."
मला हा हिशेब फार आवडतो. दुकानदार फक्त पहिला रकाना सांगतो. दुसरा विमान वसूल करतं.

११.००
दादरहून ग्रँट रोड, रिटर्न तिकीट दहा रुपये. लॅमिंग्टन रोडवर मामा सर्व्हो बघतात. प्लास्टिकच्या दात्यांचा नऊ ग्रॅम, एकशेदहा रुपये. धातूच्या दात्यांचा तेरा-चौदा ग्रॅम, दोनशेतीस. यादीत हे नव्हतं, तरी एक धातूचा घेतात. एलिव्हेटरसाठी, म्हणजे नाक वर-खाली करणाऱ्या शेपटीच्या पट्टीसाठी. पंखातला एखादा सर्व्हो गेला तर माणूस कसंबसं उतरवतो. एलिव्हेटर गेला तर विमान गेलंच. चार ग्रॅम इथं खर्च करायचे, झाकणांवर नाही. झाकणांबद्दल त्यांचं मत पक्कं आहे : डांबरी धावपट्टीवर शोभतात, गवताच्या मैदानात त्यात चिखल भरतो आणि चाक फिरायचं थांबतं.

दुपारी १.४५
भाकरी, सुकटाची चटणी. भाच्याच्या फोनवर अमेरिकेतल्या ऑशकॉशचा व्हिडिओ. दर जुलैत तिथं घरी बांधलेली, माणसं बसतात अशी खरी विमानं जमतात. ओरेगॉनच्या व्हॅन्स कंपनीच्या किटमध्येही काय निवडायचं हा प्रश्न असतोच. आरव्ही-७ घेतलं तर तिसरं चाक शेपटीखाली, आरव्ही-७ए घेतलं तर नाकाखाली.
"आपल्याला शेपटीखाली," मामा म्हणतात. "खड्ड्यात नाकाचं चाक मुडपतं."

मग अमोल यादवांचं नाव निघतंच. कांदिवलीच्या चारकोपमध्ये इमारतीच्या गच्चीवर त्यांनी सहा आसनी विमान बांधलं. फेब्रुवारी २०१६ मध्ये ते बीकेसीत 'मेक इन इंडिया'च्या प्रदर्शनात ठेवलं होतं. नोंदणी झाली २०१७ मध्ये, चाचणी उड्डाणाचा परवाना मिळाला २०१९ मध्ये. प्रदर्शनाच्या वेळी भाचा शाळेत होता, बीकेसीला जाऊन बघून आलाय. पंख्याच्या पात्यांबद्दल अजून बोलतो.

३.३०
नवा सर्व्हो बसला. आता पंखावर फिल्म. छोटी इस्त्री कडेकडेनं फिरते, मग मध्ये. उष्णतेनं फिल्म आखडते, सुरकुती निघते. घाई केली तर भोक पडतं आणि हातभर फिल्म वाया. पंखा बंद, इस्त्री नीट तापायला हवी. दोघांचे सदरे भिजलेत. फिल्म चढवण्याआधी मामांनी पंखातून एक दोरा ओवून दोन्ही टोकं बाहेर ठेवली. पुढे कधी फ्लॅप लावावेसे वाटले तर वायर या दोऱ्याला बांधून ओढायची, पंख फाडायला नको.

संध्याकाळी ६.४०
डॉक्टर आले, ड्यूटीवरून थेट. पंख रबर बँडांनी सांगाड्यावर बसला. कॅमेरा त्यांनी स्वतःच सोडला. झाकणांवर थोडी कुरकुर झाली. फ्लॅपचं दोऱ्यावर मिटलं. दिव्यांवर मात्र अडले.
"मामा, दिवे तरी ठेवा हो. लेकीला कबूल केलंय."
"पंखावरचे ठेवतो. शेपटीचा नको."
"आठ ग्रॅम तर आहे!"

मामा बोलत नाहीत. पुढच्या कडेपासून साडेपाच सेंटीमीटरवर दोन्ही बाजूंना बोटं लावून विमान उचलतात. समतोल. भाचा शेपटीला दिवा चिकटवतो. नाक वर. बॅटरी आधीच पुढं टेकलेली, आणखी सरकायला जागा नाही. मग नाकात शिशाचे तुकडे. सहा ग्रॅम. बारा. अठरा. चोवीसला विमान पुन्हा सरळ झालं. दिवा तोलाच्या रेषेपासून पासष्ट सेंटीमीटर मागं, शिसं बावीस सेंटीमीटर पुढं.
"बत्तीस ग्रॅम झाले, डॉक्टर. फ्लॅपइतके."
डॉक्टरांनी दिवा स्वतःच्या हातानं काढला.

रात्री ८.५०
बॅटरी साठवणीच्या चार्जवर, दर सेलला ३.८ व्होल्ट, मग मातीच्या मडक्यात. वहीत हिशेब : मजुरी साडेपाच हजार, फिल्म आणि गोंद नऊशे, सर्व्हो दोनशेतीस. रेल्वेचे दहा लावलेले नाहीत. शेपटीचा दिवा दुकानात परत जाईल, वजा साठ. डॉक्टरांनी तीन हजार दिले, बाकी पहिल्या उड्डाणानंतर. भाच्याचे सहाशे मामांनी त्यातून लगेच मोजून दिले.