साठ बाय नव्वद

खापर हे बऱ्हाणपूर–अंकलेश्वर महामार्गावरचं गाव. याच अक्कलकुवा तालुक्यात डोंगर ओलांडून नर्मदेकाठी उतरलं की मणिबेली. सरदार सरोवराच्या पाण्याने महाराष्ट्रात सर्वांत आधी गाठलं ते या गावाला. अक्कलकुवा आणि अक्राणी हे दोन तालुके मिळून 33 गावं बुडितात होती. नवं गाव आखताना न्याय कुठे निसटतो, हे पाहायला या भागातल्या माणसाला शहरात जावं लागत नाही.

1979 च्या नर्मदा लवादाच्या निवाड्यात धरणग्रस्तांची वसाहत कशी असावी हे बारकाईने लिहिलेलं आहे. घरासाठी साठ बाय नव्वद फुटांचा प्लॉट, दर शंभर कुटुंबांमागे शाळा, दर पन्नास कुटुंबांमागे विहीर, तिच्याशेजारी गुरांसाठी हाळ आणि झाडाला बांधलेला पार. शहराच्या आराखड्यात गुरांना पाणी आणि म्हाताऱ्यांना बसायला पार कोण देतो? कागद खरोखरच चांगला होता.

घोळ झाला मोजणीत. सज्ञान मुलगा स्वतंत्र कुटुंब धरला. सज्ञान मुलीचा उल्लेखच नाही. सातबारा असलेल्याला किमान दोन हेक्टर. पिढ्यान्‌पिढ्या जंगलजमीन कसणारा मात्र दप्तरी अतिक्रमणदार. आणि भिल्ल-पावऱ्यांच्या पाड्यात घर असतं आपापल्या शेतात, शेजारी हाकेच्या अंतरावर. शेळ्या-कोंबड्या, चारा, लाकूडफाटा सगळं घराभोवती. वसाहतीत तीच माणसं रांगेत आली. साठ बाय नव्वदमध्ये घर मावतं, पाडा मावत नाही.

1990 मध्ये शेजारच्या तळोद्याचं जंगल पुनर्वसनासाठी मोकळं केलं, तर तिथे आधीपासून शेती करणारे आदिवासी होतेच. एका गरिबाचं पुनर्वसन दुसऱ्या गरिबाच्या अंगावर! जागतिक बँकेने नेमलेल्या मोर्स समितीने 1992 मध्ये पुनर्वसनावर कडक ताशेरे ओढले, पुढच्या वर्षी बँकेचं धरणासाठीचं कर्ज थांबलं. धरण थांबलं नाही. 2019 मध्ये पाणी 138.68 मीटरच्या पूर्ण पातळीला पोचलं.

दरम्यान 1996 मध्ये पेसा कायदा आला. अनुसूचित क्षेत्रात भूसंपादन किंवा पुनर्वसन करण्याआधी ग्रामसभेशी किंवा योग्य पातळीवरच्या पंचायतीशी सल्लामसलत करणं त्याने बंधनकारक केलं. मणिबेलीसाठी तो उशिराच आला. पण खापरसारख्या रस्त्यावरच्या गावात उद्या रुंदीकरणाचा किंवा घरकुल वसाहतीचा नकाशा आला, तर तो सभेत भिंतीवर लावायला सांगा. हाळ कुठे, पार कुठे आणि यादीत मुलींची नावं आहेत का, हे विचारल्याशिवाय ठरावावर अंगठा देऊ नका.