जुन्या सिंथेसायझरच्या पट्ट्या व त्यांचे संपर्क: दोषचिकित्सा आणि दुरुस्ती

हार्मोनियमची पट्टी दाबली असता तिच्या मागील झडप उघडते आणि भात्यातील हवेने पितळी रीड कंप पावू लागते. म्हणजे पट्टी व ध्वनी यांचा तेथे प्रत्यक्ष यांत्रिक संबंध असतो. सिंथेसायझरमध्ये असा संबंध मुळीच नाही. पट्टी दाबल्याने केवळ दोन विद्युत्वाहक पृष्ठभाग एकमेकांस टेकतात, आणि ध्वनी निर्माण करण्याचे सर्व कार्य अन्यत्र बसलेले मंडल करते. यामुळेच एखादा सूर वाजेनासा झाला की वाद्य 'आतून बिघडले' अशी समजूत होते व ते भंगारात जाते. वस्तुतः जुन्या वाद्यांच्या तक्रारींचा मोठा भाग या टेकणाऱ्या पृष्ठभागांपुरताच असतो. प्रस्तुत लेखात त्यांचे स्वरूप, त्यांत उद्भवणारे दोष व दुरुस्तीची योग्य रीत यांचा विचार केला आहे. दृष्टीसमोर प्रामुख्याने जळगाव व धुळे या जिल्ह्यांची परिस्थिती आहे.

भारतात हे वाद्य प्रथम प्रयोगशाळेच्या वाटेने आले. अहमदाबादच्या राष्ट्रीय अभिकल्प संस्थेत १९६९ मध्ये अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांच्या साह्याने मूग सिंथेसायझर बसविण्यात आला. १९७० मध्ये निघालेल्या मिनीमूगने हेच यंत्र एका माणसाला उचलता येईल इतके लहान केले. मुंबईच्या चित्रपटसंगीतात ते रुळले, आणि चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये रोलंड कंपनीच्या ज्युपिटर-८ वर दहा रागांची ध्वनिमुद्रिका केली. पुढे स्वस्त जपानी कीबोर्ड आले व वाद्य ध्वनिमुद्रणगृहातून बाहेर पडून खानदेशातील बँडपथकांच्या गाडीवर चढले. क्लॅरिनेटने धरावयाची अहिराणी गाण्याची चाल आता कीबोर्डवर वाजू लागली.

वाद्य बनविणाऱ्याने या गाडीची कल्पना केली नव्हती, हे मान्य केले पाहिजे. तापीच्या खोऱ्यात वैशाखात पारा ४५ अंशांच्याही वर जातो, आणि लग्नसराई नेमकी त्याच दिवसांत असते. उन्हात उभ्या असलेल्या गाडीवरील काळ्या प्लॅस्टिकचे तापमान हवेच्या तापमानाहून पुष्कळ अधिक होते. त्यानंतर पाऊस येतो. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते, व दुसऱ्या दिवशी तिची मिरवणूक निघते, तेव्हा तेच वाद्य ओल्या हवेत वाजत असते. मिरवणुकीत गुलाल उधळला जातो. त्याची अतिसूक्ष्म पूड पट्ट्यांमधील फटींतून आत उतरते, तळहाताच्या घामाने व तेलकटपणाने भिजते व वाळून घट्ट बसते. त्यात कापसाच्या प्रदेशातील रुईचे तंतू व काळ्या मातीची धूळ यांची भर पडते. एखाद्या युरोपीय शहरातील बंद खोलीत तीस वर्षांत जे संपर्काचे होते, ते येथे थोड्याच हंगामांत होते.

संपर्क नेमका का बिघडतो, हे समजण्यासाठी एका साध्या गोष्टीकडे लक्ष द्यावे लागेल. दोन धातूंचे पृष्ठभाग डोळ्यांना कितीही गुळगुळीत दिसले तरी ते प्रत्यक्षात थोड्याच उंचवट्यांवर एकमेकांस स्पर्श करतात. विद्युत्‌धारेला त्या अरुंद वाटांतूनच जावे लागते. या उंचवट्यांवर ऑक्साइड, सल्फाइड किंवा धूळ यांचा पातळ थर बसला की वाट बंद होते. घरातील दिव्याच्या बटणावरही असा थर बसतो; परंतु तेथे २३० व्होल्टचा दाब असल्याने थर भेदला जातो व प्रत्येक वेळी उडणारी बारीकशी ठिणगी तो जाळूनही टाकते. सिंथेसायझरच्या पट्टीखाली दाब अवघा काही व्होल्टचा व धारा अत्यल्प असते. ठिणगी उडत नाही, म्हणून थर जळत नाही. तो साचतच जातो. चांगल्या वाद्यांत संपर्कावर सोन्याचा मुलामा देतात तो याचसाठी, शोभेसाठी नव्हे. सोने हवेत गंजत नाही. चांदी वाहकतेत सोन्याहूनही श्रेष्ठ आहे, पण गंधकाच्या संयुगांनी ती काळवंडते, आणि गंधक तर वाद्याच्या आतील व्हल्कनीकृत रबरातही असते. फटाक्यांच्या धुराचाही यात काही वाटा असणे शक्य आहे.

आता संपर्काचे प्रकार पाहू. १९७० च्या सुमाराच्या वाद्यांत प्रत्येक पट्टीखाली स्प्रिंगसारखी बारीक तार असते व ती पट्टीबरोबर खाली जाऊन सामाईक दांडीस टेकते. मिनीमूगला अशा ४४ पट्ट्या आहेत. समान मूल्याच्या रोधकांची एक साखळी असते व तिच्यातून स्थिर धारा वाहते. प्रत्येक पट्टी त्या साखळीच्या एकेका सांध्यावरील दाब उचलते. एका सप्तकाला १ व्होल्ट असे मान असल्याने लगतच्या दोन सुरांत सुमारे ८३ मिलिव्होल्टचे अंतर पडते. उचललेला दाब एका धारित्रात साठविला जातो, म्हणजे पट्टी सोडल्यावरही विरत जाणारा सूर आपल्या स्थानी टिकतो. दुसऱ्या दांडीवरील दुसरा संपर्क 'सूर सुरू कर' एवढीच सूचना देतो.

ही रचना ध्यानात घेतली की दोष कानानेच ओळखता येतो. पहिला संपर्क मळला असेल तर धारित्रात नवा दाब पोहोचत नाही, पण सूर सुरू करण्याची सूचना मात्र मिळते. परिणामी गंधाराची पट्टी दाबावी आणि आधी वाजलेला षड्जच पुन्हा ऐकू यावा, असा विचित्र प्रकार घडतो. वादकाला वाटते की वाद्य बेसूर झाले. प्रत्यक्षात वाद्य सुरात असते. त्याला नवीन पट्टीची वार्ता कळलेली नसते. दुसरा संपर्क मळला असेल तर सूर मुळीच उमटत नाही. तिसरा दोष अधिक सूक्ष्म आहे. दाबाचा संपर्क आधी व सूचनेचा संपर्क नंतर जुळला पाहिजे. तार वाकून हा क्रम उलटला तर प्रत्येक सुराच्या आरंभी मागील सुराचा क्षणिक चिवचिवाट ऐकू येतो. येथे कितीही पुसले तरी उपयोग नाही; तार चिमट्याने अत्यंत हलक्या हाताने पूर्वस्थितीत आणावी लागते.

पुढील काळातील कीबोर्डांत रोधकांची साखळी गेली व तिच्या जागी ओळी आणि स्तंभ यांचे जाळे आले. आठ ओळी व आठ स्तंभ यांच्या ६४ छेदांवर ६१ पट्ट्या सहज बसतात, आणि मायक्रोप्रोसेसर दर सेकंदाला असंख्य वेळा हे जाळे तपासून कोणती पट्टी दाबली आहे हे जाणतो. प्रत्येक पट्टीस एक डायोड जोडलेला असतो, म्हणजे एकाच वेळी अनेक पट्ट्या दाबल्या तरी न दाबलेली पट्टी दाबल्याचा भास होत नाही. या रचनेत दुरुस्ती करणाऱ्याने हत्यार हाती घेण्यापूर्वी कागद व पेन्सिल घ्यावी हे उत्तम. न वाजणाऱ्या पट्ट्यांचे क्रमांक मांडून पाहावेत. सलग आठ पट्ट्या मुक्या असतील, किंवा दर आठवी पट्टी मुकी असेल, तर दोष संपर्कात नसून एखाद्या ओळीच्या वा स्तंभाच्या जोडणीत, बहुधा चपट्या केबलच्या टोकाशी किंवा सुटलेल्या डाकात असतो. एकच पट्टी सतत मुकी असेल तर तिचा डायोडही तपासावा. पट्ट्या विखुरलेल्या असून कधी वाजतात, कधी वाजत नाहीत, आणि जोराने दाबल्यास वाजतात, तेव्हाच मळलेला संपर्क हे निदान पक्के समजावे. एवढा विचार न करता सर्व कीबोर्ड उकलून बसणारे कारागीर थोडे नाहीत.

या वाद्यांत बहुधा धातूची तार नसते. रबराच्या घुमटीच्या आतील अंगास कर्बमिश्रित रबराची काळी टिकली असते, व ती तक्त्यावर छापलेल्या कर्बाच्या दोन रेषा जोडते. चांगल्या स्थितीत तिचा रोध काही शे ओहमपर्यंत असतो. झिजल्यावर वा मळल्यावर तो अनेक हजार ओहमपर्यंत चढतो व मंडलाला पट्टी दाबल्याचे उमगत नाही. आघाताप्रमाणे सूर लहानमोठा करणाऱ्या कीबोर्डांत प्रत्येक पट्टीखाली दोन टिकल्या असतात. पहिली व दुसरी टेकण्यात किती मिलिसेकंद गेले, यावरून आघाताचा जोर मोजला जातो. पहिली टिकली मळली तर ती उशिरा जुळते, अंतर कमी भरते, आणि हळुवार दाबलेला सूरही एकदम किंचाळून उठतो. दुसरी मळली तर नेमके उलट होते. वादक याचा दोष आपल्या हाताला देतो व निष्कारण सराव वाढवितो.

दुरुस्तीसंबंधी मुख्य गोष्ट ही की, संपर्कावरील थर काढावयाचा आहे, संपर्क नव्हे. सोन्याचा मुलामा एका मायक्रॉनच्या आसपास, पुष्कळदा त्याहूनही पातळ असतो. पॉलिशपेपर, कानस किंवा खोडरबर यांनी घासले की काळा डाग जातो, सूर लगेच वाजू लागतो आणि दुरुस्ती झाली असे सर्वांस वाटते. परंतु मुलामा त्याबरोबरच गेलेला असतो. उघडा पडलेला मूळ धातू पहिल्याच पावसाळ्यात गंजतो, आणि यापुढे त्या संपर्कास कायमचे औषध उरत नाही. धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळासारख्या ठिकाणी जुने कागद हाताळणाऱ्यांस ही वृत्ती समजावून सांगावी लागणार नाही: डाग काढताना अक्षर गेले तर कागद स्वच्छ झाला असे कोणी म्हणत नाही.

यास्तव वाद्याची वीज तोडून, काही वेळ थांबून, प्रथम मऊ कुंचल्याने व फुंकणीने सुटी धूळ काढावी. त्यानंतर तार व दांडी यांमध्ये शुद्ध आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजविलेली कोऱ्या कागदाची पट्टी धरून पट्टी हलकेच दाबावी व कागद ओढून घ्यावा. कागदावर काळी रेघ उमटणे थांबेपर्यंत ही क्रिया करावी. रबराच्या टिकल्या त्याच द्रवात किंचित ओल्या केलेल्या, तंतू न सुटणाऱ्या कापडाने पुसाव्यात. गुलालाचा थर दाट असेल तर रबराचा पट्टा काढून सौम्य साबणाच्या कोमट पाण्यात धुवावा व सावलीत पूर्ण वाळवावा. पेट्रोल, थिनर व नखरंग काढण्याचा द्रव सर्वथा वर्ज्य. पहिल्याने रबर फुगते, इतर दोहोंनी प्लॅस्टिकच्या पट्ट्या विरघळतात. तेलकट फवारेही टाळावेत. त्यांनी आज आवाज येतो, पण तेलावर धूळ चिकटते, आणि धुळीची खानदेशात उणीव नाही.

पुसूनही रोध उतरत नसेल तर टिकली झिजली असे समजावे. तिच्यावर शिसपेन्सिल घासण्याची युक्ती सर्वश्रुत आहे. ऐन वरातीच्या दिवशी ती वेळ मारून नेते हे खरे. तथापि ग्रॅफाइटची पूड सुटून शेजारच्या रेषांवर पडते व नवे दोष उत्पन्न करते. वर्ख चिकटविण्याची युक्ती तर त्याहून वाईट, कारण धातूचा कठीण वर्ख तक्त्यावरील कर्बाच्या रेषा खरवडतो, आणि टिकली बदलता येते तशी रेषा सहज बदलता येत नाही. वाहक ग्रॅफाइटचा लेप पातळ लावून पूर्ण सुकू देणे हा त्यातल्या त्यात बरा मार्ग आहे. परंतु सर्वांत सोपा उपाय वाद्यातच दडलेला असतो. बँडमधील चाल बहुधा मधल्या दोन सप्तकांत फिरते. दोन्ही टोकांकडील पट्ट्यांना वर्षानुवर्षे फारसा स्पर्श होत नाही. रबराचे पट्टे पुष्कळ वाद्यांत सप्तकागणिक वेगळे असतात. आकार जुळत असल्यास टोकाचा पट्टा मध्ये व मधला टोकास बसवावा. वाद्यासाठी नवा सुटा भाग मिळणे बंद झालेले असताना या अदलाबदलीने ते आणखी काही वर्षे चालते.

पट्टी अडकणे किंवा खडखडणे हा संपर्काचा दोष नाही, तरी दोन्ही तक्रारी सोबतच येतात. काही अमेरिकन वाद्यांतील रबरी बुशी कालांतराने डांबरासारख्या चिकट होतात. त्या खरवडून नव्या बसविण्यावाचून गत्यंतर नसते. १९८० नंतरच्या दशकाच्या अखेरीस निघालेल्या काही जपानी वाद्यांत पट्टीच्या पोटात धातूचे वजन लाल गोंदाने चिकटविलेले आहे. हा गोंद उष्णतेने पातळ होऊन पाझरतो, पट्ट्या एकमेकींस चिकटवितो व खाली संपर्कांवरही ओघळतो. थंड देशांतही हा विकार सुप्रसिद्ध आहे. जळगावच्या मे महिन्याविषयी निराळे सांगावयास नको. असा गोंद सोडियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात पट्ट्या दीर्घकाळ भिजवून काढतात. हे द्रावण कातडी व डोळे जाळते, म्हणून हातमोजे व चष्मा अनिवार्य आहेत, आणि धातूची वजने नंतर इपॉक्सीने पुन्हा बसवावी लागतात.

पट्ट्या काढण्यापूर्वी त्यांच्या मागील अंगावर पेन्सिलीने अनुक्रमांक घालावेत, कारण दिसावयास सारख्या असल्या तरी पांढऱ्या पट्ट्यांचे आकार सप्तकातील स्थानानुसार भिन्न असतात. वाद्य पुन्हा जुळविल्यावर प्रत्येक पट्टी तीन प्रकारे वाजवून पाहावी: अगदी सावकाश, मध्यम व जोराने. केवळ जोराने वाजवून तपासल्यास अर्धवट मळलेला संपर्क सुटून जातो व तक्रार पुढच्या लग्नात परत येते. गाडीवर वाजविताना पट्ट्यांच्या फटींवर पातळ मलमलीचे कापड टाकले तर वादकाच्या बोटांना थोडी अडचण होते, पण गुलाल बाहेर राहतो. आणि हंगाम संपल्यावर वाद्य पत्र्याच्या खोलीत न ठेवता मातीच्या भिंतीच्या थंड घरात, सिलिका जेलच्या पुड्यांसह पेटीत बंद करून ठेवावे. पुड्या पावसाळ्याच्या मध्यावर एकदा गरम करून वाळवाव्या लागतात, हे बहुधा विसरले जाते.