खो-खोतील नियमभंग व अडथळा

खो-खो या महाराष्ट्रीय मैदानी खेळात पाठलाग करणाऱ्या गड्यांकडून घडणारे नियमभंग आणि पळणाऱ्या वा बसलेल्या गड्यांना होणारा अडथळा यांसंबंधीची तरतूद. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने १९१४ मध्ये या खेळाचे प्राथमिक नियम तयार केले. १९२८ मध्ये स्थापन झालेल्या अखिल महाराष्ट्र शारीरिक शिक्षण मंडळाने १९३५ मध्ये सुधारित नियम प्रसिद्ध केले. नियमभंगाची आजची कल्पना मुख्यतः याच परंपरेतून आलेली आहे.

पारंपरिक खेळात मध्यपाटीवरील चौकांत आठ गडी लागोपाठ विरुद्ध दिशांना तोंडे करून बसतात व नववा गडी पाठलाग करतो. पळणारा गडी मध्यपाटी हवी तेव्हा ओलांडू शकतो. पाठलाग करणाऱ्यास ती मोकळीक नसते. त्याच्यावरील बंधने हाच या खेळाचा प्राण असल्याने बहुतेक नियमभंग त्याच्याच बाबतीत संभवतात.

नियमभंगाचे प्रकार : (१) दोन खांबांच्या दरम्यान पाठलाग करताना मध्यपाटीला शरीराचा कोणताही भाग लागणे किंवा ती ओलांडणे. (२) एकदा दिशा घेतल्यावर त्या बाजूच्या खांबापर्यंत न जाता मागे फिरणे. दिशा गड्याच्या खांद्यांच्या रेषेवरून ठरवितात. म्हणून केवळ पाऊल मागे घेणेच नव्हे, तर खांदे मर्यादेबाहेर वळविणे हाही नियमभंग होय. (३) खो समोरून देणे, स्पर्श न करता देणे किंवा मोठ्याने न उच्चारणे. खो मागूनच द्यावा लागतो. पाठलाग कोणाकडे गेला हे पळणाऱ्यास कळावे म्हणून तो ऐकू जाणे आवश्यक असते. (४) बसलेल्या गड्याची आडवी पाटी सोडून पुढे गेल्यावर परत येऊन त्यास खो देणे. (५) खो मिळण्यापूर्वीच बसलेल्या गड्याने उठणे, तसेच खो दिल्यावर देणाऱ्याने रिकाम्या चौकात तत्काळ न बसणे. खांबापलीकडील मुक्तक्षेत्रात मात्र दिशेची व मध्यपाटीची बंधने लागू नसतात. त्यामुळे दिशा बदलण्याची ती हक्काची जागा ठरते.

शिक्षा : क्रोकेसारख्या खेळात फटका मारताना दोष घडला, तर खेळणाऱ्याची पाळी संपते आणि प्रतिपक्षाच्या इच्छेनुसार चेंडू पूर्वस्थानी ठेवता येतात, तेथे घाई नसते. खो-खोत घड्याळ चालूच असते व पळणारे गडी मूळ जागी परत नेणे अशक्य असते. म्हणून पंच शिटी वाजवून नियमभंग जाहीर करतात आणि पाठलाग करणाऱ्यास तो जात असलेल्या दिशेच्या उलट जावे लागते. गुण कमी होत नाही; पण हाताशी आलेला गडी निसटतो व पाठलागाच्या मर्यादित मिनिटांतील मोलाचे क्षण वाया जातात. त्याने शिटीकडे दुर्लक्ष केल्यास तो पुन्हा नियमभंग होतो. नियमभंगामुळे बाद झालेला गडी बाद धरला जात नाही.

अडथळा : बसलेल्या गड्यांनी पळणाऱ्यांच्या मार्गात हात, पाय वा गुडघे येणार नाहीत अशा रीतीने बसावे लागते. व्यवहारात ‘खो घालणे’ म्हणजे अडथळा आणणे; खेळात मात्र खो देणाऱ्यांच्या संघास तेच निषिद्ध आहे. अशा अडथळ्यामुळे गडी बाद झाल्यास तो निर्णय रद्द होतो. उलटपक्षी, पळणाऱ्या गड्याने बसलेल्यांना स्पर्श करू नये. तसे केल्यास त्यास एकदा ताकीद देतात व पुन्हा घडल्यास बाद ठरवितात. बंधन असे दोन्ही पक्षांवर असले, तरी त्याचे स्वरूप भिन्न आहे : पाठलागी संघ मिळविलेला गुण गमावतो, तर पळणारा आपले मैदानातील स्थान गमावतो.

वेगामुळे मध्यपाटीचा स्पर्श किंवा खांद्यांचे वळण क्षणात घडून जाते. त्यामुळे निकाल पुष्कळदा पंचांच्या दक्षतेवर अवलंबून राहतो. २०२२ मध्ये सुरू झालेल्या अल्टिमेट खो-खो या व्यावसायिक स्पर्धेत ‘वजीर’ या गड्यास कोणत्याही दिशेने पाठलाग करण्याची मुभा देण्यात आली. जानेवारी २०२५ मध्ये नवी दिल्ली येथे झालेली पहिली विश्वचषक स्पर्धाही प्रत्येकी सात गड्यांच्या संघांत खेळविण्यात आली व तिच्या पुरुष आणि महिला या दोन्ही गटांत भारताने विजेतेपद मिळविले. वजिराची सवलत मोजक्याच गड्यांपुरती असल्याने दिशेचे बंधन हा खेळाचा मूळ नियम कायम राहिला आहे.