पडीक अंगणातली पहिली कुदळ

देहूरोड मागे टाकून लोकल लोणावळ्याकडे निघाली की पुढचं स्टेशन बेगडेवाडी. अशा गावात बरीच वर्षं बंद असलेलं बैठं घर घेतलं की रानमाजलं अंगणही सोबत येतं. पहिला सल्ला मिळतो जेसीबी बोलावण्याचा. तो ऐकू नये. यंत्राच्या एका फेऱ्यात वरची काळी माती जाते, खालचा मुरूम वर येतो आणि जगू शकणारी जुनी झाडंही उखडली जातात.

आधी गाजरगवत. पुण्यात ते 1955 च्या सुमारास दिसलं आणि तिथून देशभर फोफावलं. एकेक झाड हजारो बिया टाकतं, म्हणून फुलावर येण्याआधीच, माती ओली असताना मुळासकट उपटायचं. परागकणांनी दमा बळावतो, कातडीला खाज सुटते, हातमोजे हवेतच.

मग जुन्या झाडांची तपासणी. वाळक्या दिसणाऱ्या जास्वंदीच्या फांदीची साल नखाने हलकेच खरवडायची. आत हिरवं दिसलं तर झाड जिवंत आहे. तपकिरी, कोरडं लागलं तर हिरवं सापडेपर्यंत खाली सरकायचं आणि तिथे, डोळ्याच्या किंचित वर, तिरका काप द्यायचा. गुंता झालेल्या मोगऱ्याला घाई चालत नाही. डिसेंबरात पाणी तोडून जानेवारीत छाटणी केली, शेणखत घालून पुन्हा पाणी सुरू केलं, की उन्हाळ्यात कळ्या धरतात.

कोवळी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या असतील, तर दोष बहुधा मातीत असतो. बांधकामाचा राडारोडा तिथेच गाडलेला असला की सिमेंट-चुन्याने माती अल्कधर्मी होते आणि झाडाला लोह घेता येत नाही. तो राडारोडा पहारीने सैल करून घमेल्यांनी बाहेर काढावाच लागतो.

निचरा पाहायला फूटभर खड्डा खणून पाण्याने भरायचा. सकाळपर्यंत पाणी तसंच राहिलं तर तिथे आळं करू नये, वाफा उंच बांधावा. लोणावळ्याच्या घाटमाथ्याइतका पाऊस इथे पडत नाही, तरी आषाढात मुळं कुजवायला पुरेसा असतो.

मावळ हा भाताचा मुलूख. त्यामुळे गिरणीतला तूस आच्छादनाला मिळतो. मोकळ्या जागेत पहिल्या पावसावर ताग पेरायचा आणि दीडेक महिन्यांनी, फुलावर येताना, तिथेच गाडायचा. तो कुजला की कढीपत्ता, पारिजातक, सोनचाफा लावायला जागा तयार होते. अळूला मात्र वाट पाहावी लागत नाही. मोरीच्या पाण्याकडेला कांदे पुरले की झालं.