‘से’ आणि ‘सि’चे करामती संसार

चेक भाषेत शिकवणे म्हणजे ‘उचित’. मराठी कानाला हे उचितच वाटेल! मग शिकणे म्हणजे काय? त्याला वेगळा धातू नाही. त्याच क्रियापदाला ‘से’ जोडला की झाले: ‘उचित से’, स्वतःला शिकवणे. त्याहून गंमत ‘पूय्चित’ची. नुसते म्हटले तर उसने देणे, आणि ‘पूय्चित सि’ म्हटले की उसने घेणे. सावकार आणि ऋणको यांच्यात अंतर केवढे, तर एका ‘सि’चे.

‘स्वतः’ या अर्थाच्या सर्वनामाचे ‘से’ हे द्वितीयेचे रूप, ‘सि’ चतुर्थीचे. ‘उमिल सेम से’ म्हणजे मी अंग धुतले. ‘उमिल सेम सि रुत्से’ म्हणजे मी हात धुतले. मी, तू, ते, आम्ही, कर्ता कोणीही असो, ही दोन रूपे बदलत नाहीत. काही ठिकाणी तर ‘स्वतः’चा अर्थच उरत नाही. ‘तडि से म्लुवी चेस्कि’, म्हणजे ‘येथे चेक बोलली जाते’. कोण बोलते, ते सांगायची गरजच नाही.

मला खरी नवलाची वाटते ती या शब्दांची बसण्याची जागा. वाक्याचा पहिला घटक संपला की लगेच दुसऱ्या जागेवर ते हजर, मग त्यांचे क्रियापद कितीही मागे राहो. अशा आघातहीन शब्दांची ही खोड याकोब वाकरनागेल या स्विस पंडिताने 1892 मध्ये प्राचीन भाषांमध्ये दाखवली. संस्कृतातले ‘मे’, ‘ते’, ‘च’ही वाक्याच्या आरंभी येत नाहीत, हे आठवून पाहा. घाबरणे आणि विचारणे या दोन्ही चेक क्रियापदांना ‘से’ लागतो. पण ‘विचारायला घाबरलो’ म्हणताना दोन ‘से’ येत नाहीत. ‘बाल सेम से ज़ेप्तत’, एकातच दोघांचे भागते.

आणि ‘स्वूय’! आपल्या ‘स्व’चा हा सख्खा भाऊबंद. मराठीत ‘त्याने आपले पुस्तक उचलले’ म्हणतो, तसाच तो कर्त्याकडे बोट दाखवतो. मराठीत मात्र ‘त्याचे पुस्तक’ म्हटले तरी ते कर्त्याचेच असू शकते. चेकमध्ये ही सवलत नाही. पेत्र ‘स्वोउ’ (‘स्वूय’चेच रूप) बायकोवर प्रेम करतो, तर घर ठीक चालले आहे. तो ‘येहो’, म्हणजे ‘त्याच्या’, बायकोवर प्रेम करतो म्हटले, तर ती बायको दुसऱ्याची. पेत्रच्या बायकोने सर्वनाम नीट कान देऊन ऐकावे.