कल्याणचा नारायण, जलालपूरची मनू

१८६९ ते १८७३ या काळात कल्याणच्या शाळेत नारायण वामन टिळक नावाचा एक मुलगा शिकत होता. वडील सरकारी नोकर, स्वभावाने जमदग्नी. त्यामुळे सगळी माया आई जानकीबाईंकडून. आई वारली आणि अकरा-बारा वर्षांच्या नारायणाने घर सोडून नाशिक गाठले. फुलामुलांचे कवी रेव्हरंड टिळक ते हेच. कल्याणकरांना सुभेदारवाडा आणि दुर्गाडी ठाऊक असते. हा विद्यार्थी मात्र सहसा कोणाच्या गावी नसतो.

खाडीच्या या पट्ट्याशी ख्रिस्ती दुःखकथेचे नाते त्याहून कितीतरी जुने. ठाण्याला गेले की प्रस्तुत लेखकाचे पाय मासुंदा तलावाजवळच्या संत जॉन बाप्टिस्ट चर्चकडे वळतात. ते चर्च पोर्तुगीज काळातले. पण त्याच्याही अडीचशे वर्षे आधी, १३२१ साली, चीनकडे निघालेले चार फ्रान्सिस्कन ठाण्यात मारले गेले. ओडोरिक या प्रवाशाने लिहून ठेवलेली हकीकत विलक्षण आहे. ते ज्या घरी उतरले होते तिथे नवऱ्याने बायकोला मारले, ती काजीकडे गेली, साक्षीला या पाहुण्यांचे नाव निघाले आणि गोष्ट धर्मचर्चेवर घसरली. सोबती जॉर्डानस याने त्यांना सोपाऱ्याला पुरले. पुढे ओडोरिकने त्यांच्या अस्थी चीनला नेल्या. चर्चने त्यांना हुतात्मे मानले. त्या मार खाल्लेल्या बाईचे पुढे काय झाले, याची चौकशी कोणी केलेली दिसत नाही.

ख्रिस्ती श्रद्धा आणि दुःख यांचा विषय निघाला की पंडिता रमाबाई आठवतात. त्यांचे चरित्र सर्वपरिचित आहे: दुष्काळात आईवडील गेले, मग भाऊ, मग पती, १८८३ साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा, १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन, नंतर केडगावचे मुक्ती मिशन. उपासमार सोसलेल्या बाईने १८९६-९७च्या दुष्काळात अनाथ मुली गोळा करून आणल्या, एवढे इथे पुरे.

कारण खरी ओढ आहे ती टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांची. नाशिकजवळच्या जलालपूरची ही मनू गोखले. वडिलांचे सोवळे असे की बाजारातून आलेले धान्यही धुऊन घ्यायचे. अकराव्या वर्षी ती टिळकांच्या घरात आली. नवरा प्रेमळ, पण लहरी. कधी कुठे निघून जाईल याचा नेम नाही. १८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना गाडीत एका गोऱ्या सहप्रवाशाने टिळकांना नवा करार दिला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असे भाकीत केले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत टिळकांचा बाप्तिस्मा झाला.

टिळकांना डोंगरावरच्या प्रवचनात समाधान सापडले. लक्ष्मीबाईंच्या वाट्याला नवरा जिवंत असून नसल्याचे दुःख आले. पंढरपूरला बहिणीच्या आसऱ्याने राहताना त्यांनी ते दुःख कवितेत घातले. पुढे नवऱ्याजवळ गेल्या त्या स्वतःचे सोवळे सांभाळूनच. मग एका प्रवासात त्यांनी स्वतःलाच विचारले: जाती देवाने केल्या की माणसाने? उत्तर मिळाले तेव्हा कोणाच्याही हातचे अन्नपाणी घ्यायचे ठरले. बाप्तिस्मा त्यानंतरचा. म्हणजे श्रद्धा शिरली ती स्वयंपाकघराच्या दाराने!

पुढे अनाथ मुले घरात वाढली, प्लेगच्या रोग्यांची उशापायथ्याशी बसून सेवा झाली. दुःख देवाने का दिले, या प्रश्नावर लक्ष्मीबाई प्रवचन देत नाहीत. आपण सोसले तेच दुसरा सोसत असेल तर उठून त्याच्याजवळ जायचे, एवढेच त्यांच्या वागण्यातून दिसते. टिळकांच्या कवितेवर कितीही लोभ असला, तरी या एका बाबतीत प्रस्तुत लेखकाला बाई टिळकांपेक्षा मोठ्या वाटतात. 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्रात त्या नवऱ्याशी झालेली भांडणे लपवत नाहीत, स्वतःची फजितीही हसत सांगतात, म्हणून त्यांचे रडणे खरे वाटते.

टिळक ९ मे १९१९ रोजी वारले. त्यांचे अपुरे राहिलेले 'ख्रिस्तायन' हे ख्रिस्तचरित्राचे काव्य पुढे नेले ते शाळेचे तोंड न पाहिलेल्या लक्ष्मीबाईंनी. त्यातले ६४ अध्याय त्यांचे आहेत. 'स्मृतिचित्रे' १९३४ पासून भागाभागाने निघू लागली आणि १९३६ साली त्या गेल्या. शाळेच्या पुस्तकातला विनोदी उतारा वाचून ज्यांनी हे पुस्तक तिथेच मिटले असेल, त्यांनी या दिवाळीत ते पुन्हा हाती घ्यावे आणि पंढरपूरचा भाग सावकाश वाचावा.